शर्यत परत आली, पण पुढे काय?



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, चहा आला आणि कुणीतरी बैलगाडीच्या शर्यतीचा विषय काढला. एकजण म्हणाली, "आमच्या घरातला माणूस बैलाला पोटच्या पोरागत जपतो." दुसरी लगेच म्हणाली, "तो कुठला जपतोय? पहाटे उठून भरडा मी भिजवते, शेण मी काढते, तो फक्त कासरा धरून फोटो काढतो." सगळ्या हसलो. पण हसून झाल्यावर बोलणं थांबेना. शर्यत बघायला आवडतं असं सांगणाऱ्या निम्म्याच्या वर होत्या. आता पहिल्यासारखी मजा राहिली नाही असं म्हणणाऱ्याही त्याच होत्या. मग ठरलं, की या वेळी रेडिओवर शर्यतीबद्दलच बोलायचं. ती कुठून आली, मध्ये का थांबली, परत कशी आली आणि पुढे तिचं काय होणार, हे सगळं एकदा नीट मांडायचं.

शर्यत म्हटली की प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे आपल्याच भागातलं मैदान येतं. पण आपल्या महाराष्ट्रात हा खेळ ठिकठिकाणी वेगळा आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांत त्याला बैलगाडा म्हणतात आणि तो घाटात पळतो. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, तर चढाची आखलेली मातीची धाव. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात, आणि घड्याळावर सेकंद मोजून नंबर काढतात. गाड्यापुढे घोडी पळते आणि माणसं "भिर्रर्र" म्हणून ओरडतात. खेड तालुक्यातलं खंडोबाचं निमगाव, आंबेगावातलं थापलिंग ही त्या भागातली नावाजलेली ठिकाणं.

आपल्या सातारा-सांगलीकडे सपाट मैदान असतं. मातीत शेजारी शेजारी चाकोऱ्या आखतात, प्रत्येक चाकोरीत एक हलका छकडा, त्याला दोन बैल आणि वर एक ड्रायव्हर. झेंडा पडला की सगळे एकदम सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. बैलाच्या दातांवरून आदत, दुसा असे वेगळे वर्ग असतात. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आलेला तो दुसा. एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल मिळून जोडी केली तर त्याला पैरा म्हणतात. हा शब्द शेतीतलाच आहे. पेरणीला एक बैल आपला, एक शेजाऱ्याचा, आज तुझं रान, उद्या माझं, असा तो जुना व्यवहार होता.

विदर्भात याच खेळाला शंकरपट म्हणतात. तिथला गाडी हाकणारा तो धुरकरी. अलिबागकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. म्हणजे डोंगर, माळ, काळी माती, वाळू, जिथं जशी जमीन तसा खेळ.

खेळाची सुरुवात कुणी केली, कोणत्या साली केली, हे विचारून उपयोग नाही. बैल आणि गाडी ज्याच्या दारात, त्याची चढाओढ असणारच. बाजाराला माल घेऊन निघालेल्या दोन गाड्या एका रस्त्याला लागल्या की मागची पुढं काढायचा मोह कुणाला होत नाही? सुगी संपली, रान मोकळं झालं, चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की बैलांना काम नसायचं आणि माणसांनाही सवड असायची. देवाला नैवेद्य, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड आणि बैलांच्या शर्यती, अशी जत्रेची रीतच होती. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई सांगतात, की त्यांच्या लहानपणी पहिला नंबर आला तर नारळ, फेटा आणि फार तर पितळी भांडं मिळायचं. ते भांडं मग त्या घरात कायम फडताळात पुढं असायचं. कुणाचा बैल आला, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक असायचं, कारण तोच बैल आदल्या महिन्यात कुणाच्या तरी रानात नांगराला दिसलेला असायचा.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा मैत्रिणींनो. पळणारा बैल आणि राबणारा बैल एकच होता. ट्रॅक्टर आला तसं हे बदललं. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, बाजाराचा माल टेम्पोत गेला, गोठ्यातली बैलजोडी कमी होत गेली. मग बैल ठेवायचाच, तर तो पळवायसाठी, असं सुरू झालं. नुसत्या शर्यतीसाठी पाळलेला बैल राबत नाही, पण त्याचा खुराक राबणाऱ्याच्या दुप्पट असतो. उडदाचं पीठ, मक्याचा भरडा, पेंड, दूध, अंडी, कुठं कुठं तूपसुद्धा. जिथं पैसा ओतला तिथं जिंकायची घाई आली. त्या घाईतून काठीला टोकदार खिळा आला, शेपटी पिरगळणं आणि चावणं आलं, विजेचा धक्का देणारी बॅटरी आली. हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही. मैदानावरून आलेल्या बैलाच्या पाठीवर तेल-हळद आपल्यापैकीच कुणीतरी लावलेली आहे.

आता कायद्याकडे वळू. तो ऐकायला रुक्ष वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक बाई आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल या भरतनाट्यमच्या मोठ्या नर्तिका. १९५२ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली आणि त्यांनी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. सरकारने स्वतः कायदा आणायचं आश्वासन दिलं, म्हणून त्यांनी ते मागं घेतलं. पुढे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही रुक्मिणीदेवीच. या कायद्यात अशी तरतूद आहे, की काही प्राण्यांना खेळ करून दाखवण्यासाठी शिकवायला किंवा लोकांपुढे आणायला सरकार बंदी घालू शकतं. अस्वल, माकड, वाघ, सिंह अशा प्राण्यांची ती यादी होती. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने त्या यादीत बैलाचं नाव घातलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्याने शर्यतीवर बंदी आणली. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी योग्य ठरवली.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आपली बैलगाडी शर्यत, दोन्ही एकत्र ऐकलं गेलं. ७ मे २०१४ रोजी निकाल लागला आणि दोन्ही बंद झालं. न्यायालयाने सांगितलेलं एक कारण विचार करण्यासारखं आहे. बैल हा ओझं ओढणारा, रवंथ करणारा प्राणी आहे, घोड्यासारखं पळण्यासाठी त्याचं शरीर घडलेलं नाही. तो पळतो ते भीतीने आणि वेदनेने, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आमच्या बैठकीत यावर वाद झाला. कासरा सुटला की आमचा बैल आपणहून उधळतो, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, उधळणं वेगळं आणि दिवसातून तीनदा काठीखाली पळणं वेगळं. आम्हाला दोघींचंही पटलं.

बंदीची वर्षं आपल्या दुष्काळी भागाला दुहेरी गेली. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. माण-खटावात चारा छावण्या होत्या, बायका पोराबाळांसह जनावरांपाशी राहिल्या. शर्यत नाही म्हणून खोंडाला गिऱ्हाईक नाही आणि चारा नाही म्हणून ठेवताही येत नाही, अशी गत झाली. खिल्लार गाय दूध थोडं देते. ती परवडायची ती तिच्या खोंडामुळे. एक चांगलं खोंड विकलं की वर्षाची नड भागायची. ते थांबल्यावर कित्येक घरांत खिल्लारीच्या जागी जर्सी आली. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं जातं, आम्ही त्यात आज पडत नाही. एवढंच सांगतो, की ज्या बैलाला काम नाही, शर्यत नाही आणि बाजारही नाही, त्याची वैरण शेवटी घरातल्या बाईच्याच डोक्यावर येते.

शौकिनांची तर मोठी कुचंबणा झाली. जत्रा भरत होत्या, मैदान मात्र ओस. काही ठिकाणी चोरून शर्यती व्हायच्या. पहाटे, आडरानात, पंच नाही, डॉक्टर नाही. पोलिसांची गाडी दिसली की बैल टेम्पोत घालून पळ. बंदी असूनही बैलाचे हाल चुकले नाहीत, हेही इतिहासात लिहिलं पाहिजे.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने काही अटी घालून पुन्हा परवानगी दिली, पण आठवड्याच्या आतच सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी प्रचंड लोक जमले आणि तमिळनाडूने आपला वेगळा कायदा केला. पाठोपाठ कर्नाटकाने आणि आपणही कायद्यात दुरुस्ती केली. तरी आपल्याकडे ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात अडकलं. शेजारी कर्नाटकात शर्यती होताहेत आणि आपल्याकडे नाहीत, याचा राग आपल्या लोकांच्या मनात फार होता. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी मोडून शर्यत जाहीर केली, तेव्हा पोलिसांनी धावपट्टी उकरून ठेवली, आजूबाजूच्या गावांत संचारबंदी लावली, आणि तरी पहाटे दुसऱ्याच ठिकाणी शर्यत झाली. मैदानाची माती उकरावी लागली, इतकी ही गोष्ट पेटलेली होती.

शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. बाकीच्या राज्यांत चालतं तर महाराष्ट्रात का नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या दिवशी गावोगावी गुलाल उधळला गेला. पण त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, ते गुलालात कुणाला दिसलं नाही. नियमांची काटेकोर अंमलबजावणी झाली पाहिजे आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची राहील, असं न्यायालयाने बजावलं आहे.

ते नियम काय आहेत? जिल्हाधिकाऱ्यांची आधी लेखी परवानगी हवी, त्यासाठी अनामत रक्कम भरावी लागते. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको. पशुवैद्याने बैल तपासून दाखला द्यायचा. काठी, चाबूक, टोकदार वस्तू, विजेचा धक्का, काही नाही. सगळ्या शर्यतीचं चित्रीकरण करून द्यायचं. कायदा मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे उत्तम आहे. शर्यत परत आली ती या कागदाच्या जोरावर. उद्या पुन्हा कुणी न्यायालयात गेलं, तर बैलमालकांच्या बाजूने उभा राहणारा हाच कागद आहे.

परत आल्यावर शर्यत एकदम मोठी झाली. २०२२ साली शिरूरचे खासदार अमोल कोल्हे निवडणुकीतलं वचन म्हणून निमगावच्या घाटात गाड्यापुढे घोडीवर बसून धावले. त्याच वर्षी मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत शर्यत झाली, तिच्या बक्षिसांत जेसीबी होता, मोटारी होत्या. आपल्याकडे पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं हिंदकेसरी मैदान पुन्हा गजबजलं. बकासुरसारख्या बैलाचं नाव शाळेतली पोरं क्रिकेटपटूसारखं घेऊ लागली. फायनल मोबाईलवर थेट दिसू लागली. फेटा आणि नारळाचे दिवस गेले.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. दोन वर्षांमागे शेजारच्या तालुक्यात एक मोठं मैदान होतं. आमच्या गटाने तिथं झुणका-भाकरी आणि कोकम सरबताचा स्टॉल लावायचं ठरवलं. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापल्या. फलकावर वेळ सकाळी आठची होती. नोंदणी इतकी घेऊन ठेवलेली, की चिठ्ठ्या टाकण्यातच दहा वाजले. मग पाहुणे आले, सत्कार सुरू झाले, भाषणं झाली. पहिला झेंडा पडला साडेबाराला. उन्हात बैल जुंपलेले तसेच उभे. त्यांच्या तोंडाला फेस आलेला आम्ही स्टॉलवरून बघत होतो.

बायकांसाठी बसायला जागा नव्हती. लघवीला जायची सोय नव्हती. आम्ही ज्वारीच्या रानात आडोशाला एकीने साडी धरायची आणि दुसरीने जायचं, असा दिवस काढला. दुपारी एका सेमीत वाद झाला. झेंड्यापाशी कुणाच्या बैलाचं तोंड पुढं होतं, यावर दोन गावं हमरीतुमरीवर आली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, ज्याचं त्याचं चित्रीकरण आणि ज्याचा त्याचा निकाल. तासभर त्यात गेला. लांबून आलेले म्हातारे शौकीन कंटाळून एसटी चुकेल म्हणून उठून गेले. त्यांतल्या एका आजोबांनी आमच्याकडे भाकरी खाताना म्हटलं, "शर्यत बघायला आलो होतो, भांडणं तर घरीही असतात."

फायनलच्या आधी दिवस मावळायला आला. लोक चाकोरीत घुसलेले. माईकवरून मागं सरका, मागं सरका चाललेलं, पण दोर नाही, कठडा नाही. एक छकडा धावेच्या शेवटी बिथरून बाहेर आला आणि गर्दीत शिरला. आमच्या गटातल्या मैत्रिणीची भाची, सातवीतली पोर, तिच्या नडगीचं हाड मोडलं. तिला उचलून आम्ही आमच्या भाकरीच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं, कारण तिथं गाडी उभी नव्हती. फायनल तशीच झाली म्हणे, ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात. पोरगी आता बरी आहे. शाळेच्या कबड्डीच्या संघात होती, ते सुटलं. संयोजकांपैकी कुणी विचारायला आलं नाही. आम्ही नाव घेत नाही, कारण असं एकाच ठिकाणी घडतं असं नाही.

आणि एक गोष्ट सांगायची, ती आमच्याच चुकीची. शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या एका सभासद बाईने शेळीपालनासाठी कर्ज मागितलं. शेळ्या घ्यायच्या नाहीत, नवऱ्याला पळणाऱ्या बैलात अर्धी भागी घ्यायची आहे, हे गटात सगळ्यांना कळत होतं. तरी आम्ही ठराव केला आणि सह्या केल्या. म्हटलं, एक मैदान मारलं तरी सगळं फिटेल. तिसऱ्याच मैदानावर बैलाचा पुढचा पाय दुखावला. तो बैल परत पळला नाही. भागीदार बाजूला झाला, बैल हिच्या दारात राहिला. हप्ते तिने कांदा काढणीच्या मजुरीतून फेडले आणि त्या लंगड्या बैलाला वैरणही तिनेच घातली. चौदा महिने ती बैठकीत मान खाली घालून बसायची. खरं म्हणजे आम्हीही घालायला हवी होती. वहीत आजही शेळीपालन असंच लिहिलेलं आहे.

म्हणून आम्हाला वाटतं, की शर्यत हवी की नको एवढ्यावरच बोलणं थांबायला नको. न्यायालयाने तिला परवानगी दिलेली आहे. पण न्यायालयाने परत दिलेली गोष्ट मैदानावर टिकवावी लागते. बंदी आली होती ती बैलाच्या हालामुळे. हाल पुन्हा सुरू झाले तर बंदीही पुन्हा येऊ शकते. आणि बंदी आली नाही तरी माणसं हळूहळू यायची थांबतील. बक्षीस कितीही मोठं ठेवा, दिवसभर उन्हात तिष्ठून, निकालाची भांडणं ऐकून आणि जीव मुठीत धरून कोण पोराबाळांना घेऊन येईल? नोंदणीच्या फीपायी आणि विकत आणलेल्या लाखांच्या बैलांपुढे साधा शेतकरी मागं पडला, तर गावाला त्यात आपलं काय वाटणार?

लोक म्हणतात, शर्यतीमुळे खिल्लार टिकली. यात तथ्य आहे. बंदीत काय झालं ते आपण पाहिलं. पण पूर्ण खरं बोलायचं तर शर्यतीला लागतो नुसता बैल. त्याला जन्म देणारी गाय कुणाच्या गोठ्यात आहे? आपल्याच. खोंड वर्षा-दीड वर्षाचं असताना व्यापारी आपल्या दारातून नेतो. ते पळायला लागल्यावर त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढते, त्यातलं काही मागं येत नाही. मैदानावर बैलाच्या मालकाचं नाव पुकारतात, सोबत ज्या गोठ्यात तो जन्मला त्या घरचं नाव पुकारलं, त्या गाईसाठी बक्षिसातला छोटा वाटा ठेवला, तर खिल्लार राखायला बायकांना बळ मिळेल. मोठ्या बक्षिसाच्या तुलनेत हे काहीच नाही.

आणि बायकांचं मैदानावर काय काम, असं विचारणाऱ्यांना अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर दाखवावं. तिथला शंकरपट जुना आणि नामांकित आहे. तिथं महिलांसाठी वेगळा पट ठेवतात आणि बाया स्वतः जोडी हाकतात. त्यांची छायाचित्रं आम्ही बैठकीत बघितली. पदर खोचलेला, हातात कासरा, दोन बैल चौखूर उधळलेले. आमच्यातली एक म्हणाली, "मी पण हाकीन." तिच्या सासूबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "आधी मला शिकव."

आमच्या गावची जत्रा चैत्रात असते. या वर्षी आम्ही यात्रा कमिटीकडे अर्ज दिला आहे, पाच गटांच्या सह्यांनिशी. त्यात पाच गोष्टी मागितल्या आहेत. नोंदणी झेपेल एवढीच घ्यावी आणि सूर्य मावळायच्या आत फायनल व्हावी. चाकोरीच्या दोन्ही बाजूंना कठडा आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय झेंडा पडू नये. निकालाला एकच कॅमेरा आणि एकच पंच असावा, त्याचा शब्द शेवटचा. पशुवैद्याचा दाखला आणि काठी-बॅटरीची तपासणी सगळ्यांसमोर व्हावी. आणि बायकांसाठी बसायची जागा, पाणी व शौचालय असावं. कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी अर्ज ठेवून घेतला. एकाने विचारलं, "शर्यत बंद पाडायची आहे का तुम्हाला?" आम्ही म्हटलं, "दादा, चालू राहावी म्हणून तर आलो." ते काही बोलले नाहीत. पण परवा त्यांच्याच मुलाने कठड्यासाठी बांबू किती लागतील, ते आम्हाला विचारलं.

गटातही एक ठराव केला. नोंदणी फीसाठी किंवा पळणाऱ्या बैलाच्या भागीसाठी कर्ज द्यायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. खिल्लार गाईसाठी आणि तिच्या वैरणीसाठी मात्र द्यायचं, आणि वहीत जे लिहिलंय तेच घ्यायचं. ठराव मांडला त्या चौदा महिने हप्ते फेडणाऱ्या मैत्रिणीने, आणि त्या वेळी तिची मान वर होती. तिचा तो लंगडा बैल अजून दारात आहे. पेरणीला तो हळूहळू चालतो, शेजारच्या बैलाबरोबर पैऱ्याला.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात मैदान भरत असेल तर या वर्षी जाऊन बघा. तिथं काय चांगलं दिसलं, काय खटकलं, ते आपल्या गटाच्या वहीत लिहा आणि यात्रा कमिटीला वाचून दाखवा. बैलाला खाऊ घालणारीला मैदानाबद्दल बोलायचा हक्क आहे.

नमस्कार.